मानेला वजन

रुग्णालयांतून घरोघरी आलेले जे कित्येक शब्दप्रयोग आपण फारसा विचार न करता वापरतो, त्यांत 'वजन लावणे' हा एक आहे. अमक्याच्या पायाला वजन लावले आहे, तमकीच्या मानेला वजन लावावयास सांगितले आहे, असे आपण सहज बोलून जातो; आणि ऐकणाराही 'अरेरे' एवढेच म्हणून पुन्हा चहाकडे वळतो. मानेच्या बाबतीत या शब्दप्रयोगात केवढा विरोध भरला आहे, इकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. मान हा अवयव जन्मभर वजनच वाहत असतो. प्रौढ माणसाचे डोके साडेचार ते पाच किलो भरते, आणि हा गोळा सात लहानशा मणक्यांच्या चवडीवर तोलून धरण्याचे काम मान निजेचा वेळ सोडला तर अखंड करीत असते. आमच्याकडील बायका त्यावर आणखी चुंबळ ठेवतात आणि चुंबळीवर हंडा ठेवतात, ही गोष्ट वेगळीच. अशा या कष्टाळू अवयवाने एकदाची तक्रार केली म्हणजे उपाय काय, तर त्याला आणखी वजन लावावयाचे! प्रथमदर्शनी हे जखमेवर मीठ चोळण्यासारखेच दिसते. फरक एवढाच की, हे वजन कप्पीवरून वळवून घेतलेले असते. आणि जे ओझे एरवी मानेला खाली दाबावयाचे तेच दोरीच्या दुसऱ्या टोकाने तिला वर ओढते. ज्याने ही युक्ती प्रथम योजिली त्याने विहिरीच्या रहाटाकडे नीट पाहिले असले पाहिजे, असे आम्हांस नेहमी वाटते.

युक्तीचे एक वेळ राहू द्या, पण कल्पना फार जुनी आहे. सारी आधुनिक विद्या आपल्या पूर्वजांच्या पोथ्यांतून शोधून काढणाऱ्यांच्या पंथाचे आम्ही नव्हेत. तरी सुश्रुतसंहितेतील एका स्थळाचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. तिच्या चिकित्सास्थानात मोडलेल्या व निखळलेल्या हाडांविषयी जो अध्याय आहे, त्यात ओढणे, दाबणे, जुळविणे व बांधणे अशा चार क्रिया सांगितल्या असून ओढण्याच्या क्रियेला 'आञ्छन' असे नाव दिले आहे. मान वळली किंवा खाली बसली असता वैद्याने मानेची मागील बाजू व दोन्ही जबडे धरून रोग्यास वर उचलावे, मग कांब्या लावून वस्त्राने वेष्टन करावे व सात रात्री उताणे निजवावे, असा तेथील आदेश आहे. आता आजच्या मानेच्या पट्ट्याकडे पाहावे. त्यालाही दोनच पाळ्या असतात. एक हनुवटीखाली, दुसरी डोक्यामागे. म्हणजे वैद्याचे दोन हात काढून घेऊन त्यांच्या जागी शिवलेले कापड आणले, इतकेच म्हणावयाचे.

परंतु हात आणि कापड यांत एक मोठा भेद आहे. हातांना कळते. रोग्याने डोळे गच्च मिटले, श्वास रोखला, खांदे किंचित उचलले, की धरणाऱ्याचे हात न सांगता सैल पडतात. कापडाला यांतले काही कळत नाही. आणि कापडाच्या मागे जी पाण्याची पिशवी लोंबत असते तिला तर त्याहूनही कळत नाही. मानेला ताण देणारी साधने ज्यांनी ज्यांनी बनविली, त्यांच्यापुढे खरा प्रश्न हाच होता असे आमचे मत आहे. ओढावे कसे, हे माणसाला फार पूर्वी साधले. सैल केव्हा सोडावे हे साधनाला कोणी सांगावे, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

पाश्चात्त्य वैद्यकाच्या इतिहासात याची काही चमत्कारिक उदाहरणे सापडतात. मुडदूस या रोगावर १६५० साली ग्रंथ प्रसिद्ध करणारा इंग्रज वैद्य फ्रान्सिस ग्लिसन मुलांचे वाकडे कणे सरळ करण्याकरिता त्यांना पट्ट्यांनी टांगीत असे. हनुवटीच्या पट्ट्याला अद्यापि कित्येक ठिकाणी त्याचेच नाव आहे. पुढे न्यूयॉर्कचे शल्यवैद्य लुई सेअर यांनी १८७० नंतरच्या दशकात, कण्याच्या क्षयाने पोक आलेल्या रोग्यांस डोके व काखा यांना पट्टे घालून तिकाटण्यावर टांगावयाचे आणि तशा ताणलेल्या स्थितीत धडाभोवती प्लास्टरचे कवच चढवावयाचे, अशी रीत पाडली. या टांगण्याचे पुढे जे झाले ते ऐकण्यासारखे आहे. ओडेसा येथील मोचुत्कोव्स्की नामक वैद्याला, असे कवच चढविताना आपल्या एका रोग्याच्या पायांतील कळा कमी झाल्या, असे आढळून आले. वास्तविक त्या रोग्याचे दुखणे निराळेच, मज्जारज्जूचे होते. ही हकीकत त्याने १८८३ साली प्रसिद्ध केली. १८८९ साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्कोसारख्या जगद्विख्यात पंडिताने ती उचलून धरिली, आणि पाहता पाहता युरोपभर टांगण्याची साथ पसरली. काही वर्षांनी तीच साथ मुकाट्याने ओसरली. विद्वानांच्या हातीही दोरी दिली म्हणजे ती किती लांब जाते, याचा हा नमुना होय.

मात्र सेअर यांच्या पद्धतीतली एक बारीकशी गोष्ट आम्हांस त्या सर्व गाजावाजाहून मोलाची वाटते. कण्याला नुसताच बाक आलेल्या मुलांना ते दुसऱ्याकडून टांगवीत नसत. कप्पीवरून आलेल्या दोरीचे दुसरे टोक त्या मुलाच्याच हाती असे, आणि त्याने स्वतःच्या हातांनी ओढून स्वतःला सोसेल तितके उचलावे, अशी योजना असे. हात दमले की ताण आपोआप उतरे. कापडाला जे कळत नाही ते कळण्याची सोय येथे अनायासे झाली होती.

यापुढील इतिहासात घरगुती उपचारास उपयोगी असे थोडे आहे. १९३३ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया संस्थानात क्रचफील्ड यांनी कवटीलाच धरणारे लोखंडी चिमटे योजिले, कारण मान मोडलेल्या एका तरुण स्त्रीचा जबडाही फुटल्यामुळे तिला पट्टा घालता येईना. आणि १९५९ साली पेरी व निकेल यांनी पोलिओने मान लुळी पडलेल्यांसाठी डोक्याभोवतीचे कडे प्रसिद्ध केले. ही सर्व शल्यगृहातील आयुधे. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली भौतिकोपचाराचे विद्यालय निघाले आणि पट्टा, कप्पी व वजने ही सामग्री शिकलेल्या माणसांच्या हाती आली. शिकलेले माणूस शेजारी उभे असते तोवर पट्ट्याचा मुकेपणा जाणवत नाही. तीच सामग्री खोक्यात घालून घरी आणली म्हणजे जाणवतो.

हे आम्ही पाहिले ते आमच्या काकूंच्या दुखण्यात. काकूंचे वय अडुसष्ट, बिऱ्हाड वाईस. उजव्या खांद्यापासून निघालेली कळ कोपराच्या मागून उतरून मधल्या बोटापर्यंत जाई, आणि बोट बधिर होई. मानेतील सहाव्या व सातव्या मणक्यांमधील गादी फुगून तेथून निघणारी सातवी नस चेपली गेली आहे, असे तपासाअंती ठरले. डॉक्टरांनी औषध दिले, व्यायाम सांगितले, आणि मानेला वजन लावण्यास अनुमती दिली. परंतु ही अनुमती देण्यापूर्वी त्यांनी पुष्कळ गोष्टी पाहून घेतल्या. मज्जारज्जूच दाबला गेलेला नाही ना, हाडे ठिसूळ झालेली नाहीत ना, सांध्यांचा आमवात, हाडांतील क्षय किंवा गाठ यांचा मागमूस नाही ना, हे सर्व. यांपैकी एक जरी असते तरी वजनाने बरे होण्याऐवजी अनर्थ ओढवता. दाराला अडकविण्याचे संच आज कोणासही विकत मिळतात आणि विकणारा यांतले काहीच विचारीत नाही, म्हणून ही गोष्ट येथे मुद्दाम लिहिली.

आठवड्यातून तीन वेळा एसटीने साताऱ्यास जाऊन वजन लावून घेणे काकूंस झेपेना. गाडीच्या हिसक्यांनी, मिळालेला आराम परतीच्या वाटेतच सांडून जाई. म्हणून तसा एक संच घरी आणविला. दाराच्या फळीवर अडकवावयाचा लोखंडी आकडा, त्याला दोन कप्प्या, दोरी, एका टोकास पट्टा व दुसऱ्या टोकास खुणा केलेली पाण्याची पिशवी, असे त्याचे स्वरूप. रोग्याने दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसावयाचे. पहिल्याच दिवशी नातवाने हे दृश्य पाहिले आणि "आजीला टांगलंय!" म्हणून आळीभर दवंडी दिली. काकूंनी सोसले, पण पट्टा सुटल्यावर त्या म्हणाल्या, "अरे, मला बरं करताय की फाशी देताय? आणि फाशीच द्यायची तर निदान शेवटची इच्छा तरी विचारा. तोंड बांधल्यावर मी सांगणार कशी?"

या वाक्यात त्या संचाचे सारे वैगुण्य आले होते. हनुवटी वर ओढलेल्या माणसाला बोलता येत नाही. काकूंना दातांची कवळी. तिच्यावर पट्ट्याचा सारा दाब आलेला. उजवा हात दुबळा, त्यामुळे पिशवी उचलून स्वतःची सुटका करून घेणे अशक्य. तोंड दाराकडे, म्हणून मागे कोण आहे हे दिसत नाही, आणि मागच्याला यांचा चेहरा दिसत नाही. शिवाय दार ते दारच. कोणी पलीकडून ढकलले तर काय होईल, या धास्तीने पंधरा मिनिटे मानेचे स्नायू इतके आवळलेले असत की, ताण मणक्यांना मिळत होता की त्या आवळलेल्या स्नायूंशीच झुंजत होता, हे सांगणे कठीण. आणखी एक हिशेबाची गोष्ट. बसलेल्या माणसाच्या मानेवर डोक्याचे चार-पाच किलो असतातच. म्हणजे पिशवीतले पहिले चार-पाच लिटर पाणी नुसते ते ओझे फेडण्यातच खर्ची पडते, आणि खरा ताण त्यानंतर सुरू होतो. निजलेल्या माणसाला हे देणे नसते.

तेव्हा निजून घेण्याचे साधन घरीच करावे असे ठरले. साताऱ्याच्या भौतिकोपचार करणाऱ्या बाईंना विचारले. त्यांनी उत्साहाने आकडे व मर्यादा लिहून दिल्या. आमचे एक स्नेही इंजिनिअर आहेत. त्यांचे म्हणणे विजेवर चालणारे यंत्र घ्यावे असे पडले. रुग्णालयांतून तशी यंत्रे असतात. ती ठरावीक सेकंद ओढतात, ठरावीक सेकंद सोडतात आणि ताणाचा आकडा काचेवर दाखवितात. त्यांची किंमत व आमच्याकडील विजेचा लहरीपणा या दोन्ही गोष्टी सोडून दिल्या तरी, त्या यंत्रातील आम्हांस सर्वांत आवडलेला भाग म्हणजे रोग्याच्या हाती दिलेले लहानसे बटण. ते दाबले की यंत्र ओढणे थांबविते. बाकीच्या यंत्राशिवाय आमचे चालण्यासारखे होते; त्या बटणाशिवाय नव्हते.

काम आमच्या आळीतील सुतार मिस्त्रींनी केले. खाटेच्या उशाकडील बाजूस त्यांनी एक सागवानी फळी उभी ठोकली आणि तिला दोन-दोन इंचांवर भोके पाडून कप्पी हव्या त्या भोकात बसविता येईल असे केले. या भोकांचे महत्त्व त्यांना समजावून सांगताना आमचेही ज्ञान पक्के झाले. दोरी मानेच्या रेषेत सरळ ओढली तर ताण मानेच्या वरच्या मणक्यांत जास्त जाणवतो. कप्पी वर चढवून मान थोडी पुढे झुकविली म्हणजे खालच्या मणक्यांच्या मागील बाजूची फट, जेथून नसा बाहेर पडतात ती, अधिक उघडते. १९६५च्या सुमारास अमेरिकेत कोलाचिस व स्ट्रोम यांनी क्ष-किरणांच्या चित्रांवर ही अंतरे मोजली. त्यांनी घेतलेल्या कोनांपैकी एक २४ अंशांचा होता. काकूंची नस खालची, म्हणून बाईंनी २० ते २५ अंश लिहून दिले होते. मुलाच्या कंपासपेटीतील कोनमापक दोरीला लावून मिस्त्रींनी तो कोन साधला आणि त्या भोकाभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढले.

पट्टा जुनाच घेतला, पण त्याची रचना बदलली. भार डोक्यामागील हाडाच्या उंचवट्यावर पडावा आणि हनुवटीने केवळ पट्टा जागेवर ठेवावा, असे बाईंचे सांगणे होते. त्याकरिता दोन पाळ्यांना जोडणाऱ्या बाजूच्या पट्ट्यांस सरकत्या कड्या लावल्या. मागचा भाग आखडता आणि पुढचा सैल घेता येऊ लागला. वरची आडवी दांडी चार बोटे रुंद केली, तेव्हा कानांवर येणारा चिमटा गेला. कवळी काढून ठेवावी की नाही यावर पुष्कळ वाद झाला. बाईंनी निकाल दिला: ठेवावी, म्हणजे जबडा बसत नाही, पण दाब मागे न्यावा.

वजनासाठी पाणीच कायम केले. यासारखे माप नाही. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि अर्धा पेला पाणी वाढविले तर मानेला कळतही नाही इतक्या हलक्या पायरीने चढता येते. लोखंडी वजनांत ही सोय नाही. परंतु पिशवीत आहे तितकेच ओझे मानेपर्यंत पोहोचते, असे मानणारांनी एकदा दोरीत तानकाटा अडकवून पाहावा. संचातील जुन्या कप्पीवरून चार किलो पाणी सोडले असता काटा साडेतीनच्या आसपास थांबे. बाकीचे अर्धे किलो कप्पीचा गंज खाऊन टाकी. मिस्त्रींनी छर्‍यांची कप्पी आणून बसविली, तेव्हा काटा चाराजवळ आला. डोके उशीवर घासते त्या घर्षणातही काही ताण जातो. म्हणून डोक्याखाली गुळगुळीत रेशमी कापड घातले. काकूंच्या लग्नातल्या फाटक्या पैठणीचा एक तुकडा या कामी आला, आणि त्यावरूनही घरात दोन दिवस बोलणे झाले.

यानंतर दोरीचा प्रश्न. पिशवी स्टुलावर टेकलेली असावी, मग हळूहळू अधांतरी यावी आणि सोडतानाही हळूहळू टेकावी, कारण ताण एकाएकी देणे जितके वाईट तितकेच तो एकाएकी काढून घेणेही वाईट. आणि हे सर्व निजलेल्या काकूंनी डाव्या हाताने करावे, अशी आमची अट होती. चार-पाच किलो एका हाताने पडल्या पडल्या उचलणे वृद्ध माणसाला जमणारे नव्हे. मिस्त्रींनी क्षणभर विचार केला आणि पिशवीच्याच कडीत दुसरी कप्पी अडकविली. नव्या दोरीचे एक टोक वर तुळईला बांधले, दोरी त्या कप्पीखालून नेऊन पुन्हा तुळईवरच्या तिसऱ्या कप्पीवरून काकूंच्या डाव्या हाताशी आणली. आता पाच किलो उचलण्यास अडीच किलोंचा जोर पुरे; दोरी मात्र दुप्पट ओढावी लागे, जे येथे सोयीचेच, कारण त्यामुळे ताण अधिक सावकाश चढे व उतरे. शाळेच्या पुस्तकात चलकप्पीची आकृती आम्हीही पाहिली होती. तिचा उपयोग कोणाच्या तरी मानेला होईल असे तेव्हा मनात आले नव्हते. "मोटेची सवय, दुसरं काय," असे मिस्त्री म्हणाले. दोरीच्या टोकाला त्यांनी लाकडाची कडी बसविली आणि ती अडकविण्यास खाटेच्या कडेला खुंटी ठोकली.

पहिल्या दिवशी काकूंनी पिशवी सोडण्यापूर्वी ती कडी सहा-सात वेळा ओढून पाहिली. पिशवी वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मग त्यांनी डोळे मिटून घेतले आणि तीन किलोंवर पंधरा मिनिटे पडून राहिल्या. एकदाही कडी ओढली नाही. दाराच्या संचावर दोन किलोंनाही ज्यांचे खांदे कानाला लागत, त्यांचे खांदे आज गादीला टेकलेले होते. पुढे दर दोन-तीन दिवसांनी पाणी वाढत गेले. बाईंनी सहा किलोंची जी मर्यादा घातली होती, तिच्या अलीकडेच, पाचावर, काकू थांबल्या. मधूनमधून त्या कडी ओढीत. कधी खोकला आला म्हणून, कधी बाहेर भाजीवाला ओरडला म्हणून. त्या दिवसांत स्वयंपाकघराच्या कारभाराची सूत्रेही त्याच खाटेवरून हलत असत. कारण हनुवटीचा पट्टा सैल झाल्याने बोलता येत होते.

सहाएक आठवड्यांनी कळ गेली आणि बोटाची बधिरता पुष्कळ उणावली. याचे श्रेय आमच्या फळीला देण्याचा मोह होतो, पण ते न्यायाचे होणार नाही. नस चेपल्याचे हे दुखणे कित्येकांचे काही आठवड्यांत वा महिन्यांत आपोआपच ओसरते. काकू व्यायामही नेमाने करीत होत्या. मानेच्या ताणावर २००८ साली झालेल्या एका मोठ्या समालोचनात, तो उपयुक्त आहे असेही व निरुपयोगी आहे असेही ठामपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही, असा निष्कर्ष निघाला होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत, अशाच दुखण्याच्या ८६ रोग्यांचे तीन गट केले होते: नुसता व्यायाम, व्यायाम व दारावरचा संच, आणि व्यायाम व यंत्राने निजवून दिलेला ताण. सहा महिन्यांनी तिसरा गट सरस ठरला. दारावरचा संच मागे का पडला, याची कारणे चाचणी करणारांनी काहीही मानोत. आम्हांस मात्र ते वाचताना काकूंचे कानाला लागलेले खांदेच आठवले. बसून घेणे आणि निजून घेणे, कमी ताण आणि अधिक ताण, हे भेद खरेच. पण भ्यालेली मान आणि निर्धास्त मान हाही एक भेद आहे, आणि तो मोजण्याचा काटा कोणत्याही यंत्रावर नसतो.

कमी-जास्त करता येण्याजोगे साधन, असे या वस्तूंच्या जाहिरातींत मोठ्या अक्षरांत छापलेले असते. उंची कमी-जास्त होते, कोन होतो, वजन होते, पट्टा होतो. ते कोणी करावयाचे, एवढे मात्र छापलेले नसते. साधन घडविणाराने खोके बंद करण्यापूर्वी एकदा स्वतः उताणे निजून पट्टा चढवावा, उजवा हात अंगाखाली दाबून ठेवावा आणि मग सुटून पाहावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

फळी अद्यापि आहे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या निवृत्त मास्तरांना त्यांच्या डॉक्टरांनी हाच उपचार सांगितला, तेव्हा तिची मागणी आली. मास्तर काकूंपेक्षा वीतभर उंच आणि त्यांची नस एक मणका वरची; तेव्हा पेन्सिलीचे जुने वर्तुळ उपयोगाचे नव्हते. मिस्त्रींनी वर आणखी दोन भोके पाडली, बाईंचा नवा कागद पाहून कोनमापक लावला आणि पिशवीवरील जुन्या खुणा पुसून टाकल्या. काकू हे सर्व दारात उभ्या राहून पाहत होत्या. मास्तर खाटेवर आडवे होऊन पट्ट्याकडे संशयाने पाहू लागले, तेव्हा त्यांनी पुढे होऊन खुंटीवरची लाकडी कडी काढली आणि त्यांच्या हातात दिली. "आधी हे चार वेळा ओढून बघा," त्या म्हणाल्या, "पट्ट्याचं मग पाहू."